नानीची 'अरबी' रेकॉर्ड

बी.एड.च्या वर्षी आम्हाला भाषेची चार कौशल्यं पाठ करायला लावली होती. श्रवण, भाषण, वाचन, लेखन. क्रमात श्रवण पहिलं, पण शिकवण्यात ते सगळ्यांत मागे. वाचनाची परीक्षा असते, लेखनाची असते, तोंडी परीक्षेत बोलण्यालाही चार गुण मिळतात. ऐकण्याच्या वाट्याला वर्गात एकच सूचना येते, "गप्प बसा आणि ऐका." वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवताना मीही हीच सूचना देत आले. गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला आमच्या घरातल्या एका जुन्या रेकॉर्डने शिकवलं, आणि तेही फार उशिरा.

रेकॉर्ड नानीच्या घरची. नानीचं घर रायगड जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. नाना बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आम्हा मुसलमानांमध्ये त्या काळी बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस बोटीवर असायचा. नाना 'करांजा' बोटीवर. मुंबईहून निघालेली ही बोट मोंबासा, दार-ए-सलाम करत खाली डर्बनपर्यंत जायची. १९५०च्या दशकात अशाच एका फेरीत नानांनी मोंबासाच्या बाजारातून चावीचा एक ग्रामोफोन आणि काही तबकड्या आणल्या. बाकीच्या फुटल्या, एक उरली. तिच्यावरचा कागद कोकणच्या दमट हवेने कधीच खाऊन टाकला होता. गाणारी कोण, वाजवणारे कोण, कंपनी कोणती, काहीच वाचता येत नव्हतं.

मी दोन वर्षांची असताना नाना गेले. मला ते फोटोतलेच आठवतात. पण त्यांच्या बरसीला फातेहा झाली की ही रेकॉर्ड लागायची, हे मात्र पक्कं आठवतं. नानी डोक्यावर पदर घ्यायची. आम्हा मुलांना सांगितलं जायचं, "अरबी आहे. पाय पसरून बसू नका." आम्ही मांडी घालून, हात मांडीवर ठेवून ऐकायचो. एका बाईचा उंच आवाज, मागे व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन आणि डफासारखा काहीतरी ठेका. मधूनच 'मोला' ऐकू यायचं. म्हणजे मौला. 'सुबिरा' ऐकू यायचं. म्हणजे सब्र. 'दुनिया' तर स्पष्टच. एवढ्यावर आमची खात्री होती, हम्द असणार.

पुढे ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली. मोठ्या मामूंनी मुंबईत एका दुकानातून ती तबकडी कॅसेटवर उतरवून आणली. कॅसेटवरून ती कधीतरी माझ्या मोबाइलमध्ये आली. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती, दुपार रिकामी होती. मी कानात इयरफोन घालून ती तीन मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकू लागले. लहानपणी ऐकली ती नानांची आठवण म्हणून. आता पहिल्यांदाच मी ते गाणं म्हणून ऐकत होते.

पहिली शंका आली ती शब्दांच्या शेवटाची. या बाईचा प्रत्येक शब्द स्वरावर संपत होता. रूहचं 'रोहो' होत होतं, सब्रचं 'सुबिरा'. अरबी असं करत नाही. कुराण वाचायला शिकलेल्या लहान मुलालाही कळतं की अरबी शब्द व्यंजनावर ठाम थांबू शकतो. इथे मात्र अरबी शब्द दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात सून म्हणून आल्यासारखे, त्या घरच्या चालीने वावरत होते.

दुसरी गोष्ट मराठीच्या बाईंनी पकडली, उर्दूच्या बाईंनी नाही. मी बोटांवर अक्षरं मोजली. आठ, मग किंचित थांबा, मग पुन्हा आठ. पुढची ओळ, पुन्हा आठ आणि आठ. मुलांना अष्टाक्षरी शिकवताना मी फळ्यावर जे करते, तेच कानाने केलं. गझलेचं वजन लघु-गुरूवर चालतं. हे तसं नव्हतं, ही सरळ अक्षरांची मोजणी होती.

सहकारी शिक्षिकेचा मुलगा पुण्यात शिकतो. त्याच्या वर्गात झांझिबारचा एक विद्यार्थी होता. त्याला ती फाइल पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तो हसतच. भाषा स्वाहिली. गाण्याचा प्रकार तारब. आणि विषय? एक बाई दुसऱ्या बाईला टोमणा मारते आहे. आपल्या चुलीवर काय शिजतं ते पाहायला माझ्या अंगणात डोकावू नकोस, मी सब्र करून आहे, मौला बघतो आहे, असा साधारण भाव. "पण ती दुसरी बाई कोण?" मी विचारलं. तो म्हणाला, "ते गाण्यात नसतं. ते ऐकायला बसलेल्यांना माहीत असतं."

मी फोन ठेवला. पन्नास-साठ वर्षं आमचं घर एका शेजारणीच्या भांडणापुढे मांडी घालून बसलं होतं.

मामूंना सांगितलं तर ते आधी गप्प झाले. मग म्हणाले, "नानीला सांगू नकोस. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती. त्या रेकॉर्डवर तिचा किती जीव आहे माहिती आहे ना?" मी बरं म्हटलं. पण डोक्यातून ते जाईना. मग मी वाचायला लागले.

तारब हा शब्द अरबी 'तरब'वरून आला. उर्दूच्या विद्यार्थ्याला तो परका नाही. तरब म्हणजे गाण्याने मनाला येणारा उल्हास. गझलांमध्ये भेटणारा 'मुतरिब', म्हणजे गवई, त्याच धातूचा. झांझिबारच्या सुलतानांच्या दरबारात हे संगीत अरबी वळणाने आलं. तिथल्या एका नामांकित मंडळाची स्थापना १९०५ची आणि नाव 'इख्वानी सफा'. 'इख्वानुस्सफा' हे पुस्तक उर्दूत आम्ही अभ्यासलेलं. त्या नावाचं वाद्यवृंद-मंडळ समुद्रापलीकडे असेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि स्वाहिलीत कवितेला म्हणतात 'शाइरी'. तिच्या रूढ साच्यात ओळ सोळा अक्षरांची, मध्ये आठवर विसावा, विसाव्यालाही यमक आणि शेवटालाही. या अक्षरमोजणीला ते 'मिझानी' म्हणतात. मीज़ान, तराजू. माझ्या बोटांनी बरोबर मोजलं होतं.

मग भेटल्या सीती बिंती साद. जन्म १८८०च्या सुमाराचा, झांझिबार बेटावरच्या फुंबा गावातला. आईवडील गुलामगिरीतून आलेले. मुलीचं पहिलं नाव 'म्तुम्वा', म्हणजे गुलाम. 'सीती', म्हणजे बाईसाहेब, हे नाव तिने पुढे आवाजावर कमावलं. आधी मातीची भांडी करून विकणं, मग शहरात येऊन गाणं शिकणं. दरबारात तारब अरबीत चालायचं, त्यांनी ते स्वाहिलीत, सामान्यांच्या बोलीत गायलं. १९२८ साली सीती आणि त्यांचे साथीदार रेकॉर्डिंगसाठी बोटीने आले, ते कुठे? आपल्या मुंबईला. एचएमव्हीने मुंबईत त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्या तबकड्या बोटीत भरून पुन्हा पूर्व आफ्रिकेत विकायला गेल्या.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या मुंबईच्या बंदरातून नाना बोटीवर चढायचे, त्याच मुंबईत हा आवाज भरला गेला असेल? मुंबईत जन्मलेलं गाणं मोंबासाला जाऊन नानांच्या पेटीतून कोकणात परत आलं असेल? किती सुंदर गोष्ट झाली असती. स्टाफरूममध्ये एकदोघींना मी तशी सांगूनही टाकली.

मग पुन्हा ऐकलं, आणि अ‍ॅकॉर्डियन आडवं आलं. सीतींच्या ताफ्यात ऊद, व्हायोलिन, डफासारखी तालवाद्यं अशी साथ होती. अ‍ॅकॉर्डियनचा असा भरलेला आवाज नंतरच्या, मोठ्या वाद्यवृंदांच्या काळातला. नानांची खरेदीही १९५०च्या दशकातली. शिवाय आणखी एक घोळ होता. मामूंची कॅसेट किंचित वेगात भरली गेली होती. वेग वाढला की स्वरही चढतो. मोबाइलवर वेग थोडा कमी केला, तर ज्या आवाजाला आम्ही इतकी वर्षं कोवळ्या मुलीचा समजत होतो, तो चांगल्या पोक्त बाईचा निघाला. ती सीती नव्हती. ती कोण होती ते कागदाबरोबर गेलं. स्टाफरूममध्ये जाऊन मला माझीच गोष्ट मागे घ्यावी लागली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या तीन मिनिटांत मी दोनदा फसले होते. एकदा श्रद्धेने, सगळं अरबी वाटलं. एकदा अभिमानाने, सगळं आपलं मुंबईचं वाटलं. दोन्ही वेळा मी गाणं ऐकण्याआधीच त्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं.

हा आजार माझ्या एकटीचा नाही. शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात मी मुलांना सांगितलं, "आता आफ्रिकेतलं एक गाणं लावते. काय ऐकू येतं ते पाच ओळींत लिहा." लावलं तेच नानीचं. वह्या तपासल्या तर काय, 'जंगल', 'ढोल', 'शिकारी नाचत आहेत', एकाने तर 'सिंह'. व्हायोलिन कुणीच लिहिलं नाही, आणि ते पहिल्या सेकंदापासून वाजत होतं. मुलांचा काय दोष? हिंदी सिनेमाने जंगलातल्या नाचाला जे दाखवलं, ते त्यांच्या कानात आधीच बसलेलं. दुसऱ्या दिवशी तेच गाणं नुसतं "एक गाणं" म्हणून दुसऱ्या तुकडीला ऐकवलं, तर निम्म्या मुलांनी "जुन्या पिक्चरचं गाणं" असं लिहिलं. तेही अगदीच चूक नव्हे. हिंदी सिनेमा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दशकानुदशकं पाहिला गेला, आणि मोंबासाचे जुमा भालो यांच्यासारखे तारब गायक हिंदी चालींवर स्वाहिली शब्द बांधण्यासाठी प्रसिद्ध होते.

सिंह लिहिणाऱ्या मुलासाठी मी एक खरी सिंहाची गोष्ट सांगितली. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' हे गाणं रेकॉर्ड केलं. म्बुबे म्हणजे सिंह. पण गाणारे जंगलातले नव्हते, शहरात कामधंदा करणारे, सुटाबुटात गाणारे पुरुष होते. ती तबकडी अमेरिकेत पोचली. तिथल्या गायकांनी झुलू शब्द चुकीचा ऐकला आणि त्या चुकीच्या ऐकण्यातूनच 'विमोवे' हे नाव पडलं. १९६१ला इंग्रजी शब्द चढवून 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, ते जगभर वाजलं, १९९४च्या 'द लायन किंग' सिनेमातही आलं. लिंडा यांनी हक्क विकले होते अवघ्या दहा शिलिंगांना. १९६२ साली ते गरिबीतच वारले. त्यांच्या मुलींना न्यायालयात भांडून तडजोड मिळाली ती २००६ मध्ये. मुलं शांत बसली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, शब्द नीट ऐकला असता तर पैसे मिळाले असते का?" मी म्हटलं, "शब्द नीट ऐकायची गरज वाटली असती, तर निदान माणसाचं नाव तरी विचारलं असतं."

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. १९५० साली केनियातल्या कापकातेत या गावी ह्यू ट्रेसी या इंग्रज संग्राहकाने किप्सिगिस जमातीच्या मुलींचं एक गाणं टिपलं. गाण्याचं नाव 'चेमिरोचा'. हे नाव म्हणजे अमेरिकन गायक जिमी रॉजर्स. त्याच्या तबकड्या त्या भागात पोचल्या होत्या आणि त्या नावाचं तिथल्या जिभेवर हे रूप झालं होतं. म्हणजे ते आपल्याला चुकीचं ऐकतात तसं आपणही त्यांना चुकीचं ऐकतो, आणि ते एकमेकांनाही. फरक एवढाच की कुणाच्या चुकीवर कुणाला पैसा मिळतो आणि कुणाची चूक नुसती गंमत म्हणून सांगितली जाते.

या ट्रेसींबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. त्यांनी १९५४ साली आफ्रिकन संगीताचं मोठं ग्रंथालय उभं केलं. वाद्यांचे स्वर ट्यूनिंग फोर्क लावून मोजले आणि लिहून ठेवले. ते नसते तर कितीतरी आवाज आज उरलेच नसते. पण मायक्रोफोन त्यांच्या हातात असायचा, अगदी शब्दशः. तो कोणाजवळ न्यायचा, कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हेही त्यांचंच. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. तारब रात्र-रात्र चालतो. बायका एकेक उठून, नाचत पुढे येऊन गाणारीच्या हातात पैसे ठेवतात, आणि कोण कोणत्या ओळीला उठली यावरून टोमणा कुणाला लागला ते सगळ्या मैफलीला कळतं. तबकडीत हे काहीच नाही. तबकडी म्हणजे खिडकीतून दिसलेलं लग्न. नवरी दिसते, पण रुसलेली आत्या दिसत नाही.

हे सगळं कळलं तेव्हा मला वाटलं, आपण आता ऐकायला शिकलो. आणि तेव्हाच नानीला न सांगणं जड जाऊ लागलं. जी मी मुलांना सांगते की नाव विचारा, अर्थ विचारा, ती मी घरातल्या सर्वांत जुन्या श्रोतीपासून अर्थ लपवत होते. मागच्या बरसीच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. नानी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "नानी, ती रेकॉर्ड अरबी नाही. हम्द नाही. तिकडच्या बायकांचं टोमण्याचं गाणं आहे."

नानीचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"आणली त्या दिवसापासून. तुझ्या नानांना तिकडची भाषा यायची थोडीफार. त्यांनीच अर्थ सांगितला मला."

"मग अरबी आहे असं कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. माझी सासू फार कडक. घरात गाणं-बजावणं चालायचं नाही. ते म्हणाले, अरबी आहे सांगू. अरबी म्हटल्यावर कोण बोलणार?" तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "सासू स्वतः येऊन बसायची ऐकायला. तसबीह घेऊन."

"आणि तू पदर का घ्यायचीस?"

"समोर सासू बसलेली. अरबी ऐकताना पदर नको घ्यायला? पुढे ती गेली, पदर राहिला."

मी हसायला लागले. नानी मात्र हसली नाही. जरा वेळाने, सुपाकडेच बघत म्हणाली, "बाय, ते सहा-सहा महिने बोटीवर असायचे. घरात मी आणि सासू. दिवसभर ती बोलायची, मी ऐकायची. रात्री कधी मी ती चकती लावायची. तीन मिनिटं मी बोलायची, ती ऐकायची."

झांझिबारच्या त्या मुलाने सांगितलं होतं, टोमणा कुणाला ते ऐकणाऱ्यांना माहीत असतं. मी तबकडीची भाषा शोधली, अक्षरं मोजली, वेग दुरुस्त केला, वाद्यांवरून काळ ठरवला. ज्या बाईने ती सत्तरएक वर्षं ऐकली, तिला मात्र कधी विचारलं नव्हतं की तू यात काय ऐकतेस. आम्हा सगळ्यांमध्ये ते गाणं गाण्यासारखं ऐकलं होतं फक्त तिने.

दुसऱ्या दिवशी फातेहा झाली. मामूंनी मोबाइल स्पीकरला जोडला. नानीने पदर डोक्यावर घेतला. मुलं मांडी घालून बसली. मामूंनी एका छोट्याला दटावलं, "पाय आत घे, अरबी आहे." मी नानीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं, आणि पदराचं टोक हळूच ओठांवर ओढून घेतलं.